अलिबागची सुई आणि मंगळावरील उड्डाण

गेल्या फाल्गुनांत होळीच्या सुटीस आम्ही अलिबागेस जाऊन आलों. बरोबर आमची मंडळी, सूनबाई व अकरा वर्षांचा नातू असा परिवार होता. अलिबाग हें आमच्या वाचकांस अपरिचित स्थळ नव्हे. मुंबईकर मांडव्याच्या बोटीनें तेथें जातात, पुणेकर खोपोली, पेण, वडखळ या वाटेनें जातात, आणि परततांना उभयतांच्याही हातीं पांढऱ्या कांद्याची वेणी असते. तेव्हां तेथील नारळीपोफळीच्या वाड्या, समुद्राची गाज आणि कान्होजी आंग्र्यांचा पराक्रम यांचें वर्णन पुन्हां एकवार करून वाचकांचा वेळ घेण्याचा आमचा विचार नाहीं. आम्ही गेलों तें समुद्र पाहण्यासाठीं नव्हे. एका प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं गेलों, आणि तो प्रश्न मंगळ ग्रहाविषयींचा होता.

तो असा उपस्थित झाला. नातवाच्या वाढदिवशीं त्याच्या आत्यानें त्यास एक होकायंत्र दिलें. आठ दिवस तें त्याच्या उशाखालीं होतें. त्याच सुमारास तो एक सचित्र पुस्तक वाचीत होता. त्यांत मंगळावर उडालेल्या एका लहानशा हेलिकॉप्टराची हकीकत होती. एके रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "आजोबा, मंगळावर ह्या होकायंत्राची सुई कोणीकडे वळेल?" आपल्या घरांतून मंगळाचा विचार व्हावयाचा तो बहुधा उपवर मुलीच्या पत्रिकेपुरता, तो चौथ्या स्थानीं आहे कीं आठव्या, एवढेंच आपण पाहतों. त्या ग्रहावर उत्तर दिशा कोणती, हें आमच्या पंक्तीस आजवर कोणी पुसलें नव्हतें. "उत्तरेकडेच वळेल. सुई सदैव उत्तर दाखविते," असें आम्हीं सांगून टाकलें. पस्तीस वर्षें वर्गांत हेंच सांगत आलों होतों.

त्यानें पुस्तकाचें पान उघडून आमच्यापुढें धरलें. मंगळास पृथ्वीसारखें सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाहीं. सुमारें चारशें कोटी वर्षांपूर्वीं तें लोपलें. कांहीं जुन्या खडकांत त्याचे अवशेष तेवढे राहिले आहेत. म्हणून त्या हेलिकॉप्टरास होकायंत्राचा कांहींएक उपयोग नव्हता, असें तेथें छापलें होतें. नातू कांहीं बोलला नाहीं, पुस्तक मिटून निजावयास गेला. परंतु त्या छापील वाक्यानें आमच्या मनांतील एक जुनी गोष्ट जागी झाली, ती मात्र आम्हांस निजूं देईना.

१९८० सालीं आम्ही नोकरीस लागलों तें याच किनाऱ्यावरील एका लहान गांवीं. जिल्ह्याचें नांव त्या वेळीं कुलाबा होतें. रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत वडिलांजवळ व पाठशाळेंत झालेलें. परंतु लहान शाळेंत एका मास्तरास सर्वच विषय शिकवावे लागतात. एके दिवशीं लोहचुंबकाचा धडा चालला होता. सुई सदैव उत्तरेकडे राहते, असें आम्हीं फळ्यावर लिहिलें. मागल्या बांकावरचा एक कोळ्याचा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या होडीवरची सुई इंजिनाशेजारीं ठेवली कीं फिरते. बाबा म्हणतात, तिच्यावर सगळा भरंवसा ठेवूं नये." वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. "तुझ्या बापाचें होकायंत्र बिघडलें असेल," असें म्हणून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें ठेवलें. पुढें वर्षभर तो वर्गांत होता. परंतु त्यानें पुन्हां एकही प्रश्न विचारला नाहीं. सातवी होऊन तो होडीवर गेला. तो बरोबर होता आणि आम्ही चुकलों होतों, हें आम्हांस कांहीं वर्षांनीं एका पुस्तकांतून कळलें. कळल्यावर आम्हीं केलें काय? कांहीं नाहीं. दुसऱ्या वर्षींच्या मुलांना तेंच वाक्य फळ्यावर लिहून दिलें.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं नातवास म्हटलें, "तुझ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें. आतां होळीला अलिबागेस जाऊं. सुईची खरी शाळा तेथें आहे."

ती शाळा म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा. समुद्रापासून थोड्याच अंतरावर झाडींत तिच्या जुन्या इमारती आहेत. फिरावयास आलेली मंडळी किल्ल्याची चौकशी करतात; हिची फारसें कोणी करीत नाहीं. आम्ही स्वतः तिच्यापासून चार कोसांवर नोकरी केली, परंतु तिच्या दारांत कधीं उभे राहिलों नव्हतों. आंत जाण्यास आगाऊ परवानगी लागते व ती आम्हीं काढली नव्हती, म्हणून या खेपेसही आम्ही फाटकाबाहेरच उभे राहिलों. आणि तिचा इतिहास नातवास तेथेंच सांगितला.

मुंबईच्या कुलाब्यास १८२६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें एक वेधशाळा उभारली. १८४१ सालापासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें होऊं लागलीं. १८५९ सालच्या सप्टेंबराच्या आरंभीं सूर्यावर एक मोठा क्षोभ झाला; त्याच्या परिणामानें पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र किती ढळलें, याची जी नोंद कुलाब्यास झाली तिचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ अजूनही करतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें घाटूं लागलें. रुळांतून जाणाऱ्या विजेचा कांहीं भाग जमिनींत झिरपतो आणि वीज वाहूं लागली कीं तिच्याभोंवतीं चुंबकत्व निर्माण होतें. सुईनें पृथ्वीचें बोलणें ऐकावयाचें, तर तिला आतां ट्रामचाच गलबला ऐकूं येणार! त्या वेळीं वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे होते. त्या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनीं खाडीपलीकडची अलिबागची जागा निवडली व १९०४ सालीं येथें नवी वेधशाळा उभी केली. बांधकामांत लोखंड वर्ज्य. दगडसुद्धां चुंबकीय दोषापासून मुक्त आहे ना, हें पाहून घेतलेला. उष्णतेच्या चढउतारानें यंत्रांत फरक पडूं नये म्हणून खोलीस दुहेरी भिंती.

आणि एवढें करूनही मूस साहेबांनीं जुनी वेधशाळा लगोलग बंद केली नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या, आणि नव्याचा व जुन्याचा मेळ बसला तेव्हांच कुलाब्याचें काम थांबविलें. मुंबईंत विजेची ट्राम प्रत्यक्ष धांवूं लागली ती १९०७ सालीं. म्हणजे संकट येण्यापूर्वींच त्याचा बंदोबस्त झाला होता. पुढें १९७१ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणें स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें आज याच रायगड जिल्ह्यांत नव्या पनवेलीस आहे, आणि अलिबागच्या नोंदी अद्याप चालू आहेत.

नातू ऐकत होता. पण त्याचें लक्ष हातांतील होकायंत्राकडे होतें. रस्त्याकडेला एक लोखंडी खांब होता. त्यानें होकायंत्र हळूहळू खांबाजवळ नेलें. सुई थरथरली आणि उत्तर सोडून खांबाकडे वळली. त्यानें तें दूर नेलें, ती परत आली. असें त्यानें तीनदां केलें. मग आम्हीं त्यास त्या कोळ्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. आपण शिक्षकपणीं केलेली चूक नातवापुढें बोलून दाखविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ती ऐकून तो एवढेंच म्हणाला, "मग तुम्ही त्याला नंतर सांगितलें का?" आम्ही गप्प राहिलों.

दुपारीं जेवणें आटोपल्यावर उतरण्याच्या जागीं ओटीवर बसून आम्हीं तें सचित्र पुस्तक व घरून आणलेलीं टिपणें काढलीं, आणि मंगळावरील त्या हेलिकॉप्टराची तयारी कशी झाली हें नातवाबरोबर नीट वाचलें. ती हकीकत वाचकांसही थोडक्यांत सांगतों.

हेलिकॉप्टर उडतें तें हवेच्या जोरावर. पातीं फिरून हवा खालीं लोटतात व त्या प्रतिक्रियेनें यंत्र वर उचललें जातें. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या शंभरांश इतकी विरळ आहे. पृथ्वीवर इतकी विरळ हवा गांठावयाची तर तीस किलोमीटरांहूनही उंच जावें लागेल. इकडे १९७२ सालीं एका फ्रेंच वैमानिकानें आपलें हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरांवर नेलें, तो मोठा विक्रम गणला गेला. अनुकूल गोष्ट एकच. मंगळाचें गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शेंकडा ३८ एवढेंच आहे. अशा ठिकाणीं पंख्यानें उडावें, ही कल्पना अमेरिकेंतील पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींत जे. बालाराम नांवाच्या अभियंत्यानें १९९० नंतरच्या दशकांत मांडली. हे गृहस्थ मूळचे आपल्याकडचे, मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर. कल्पना पसंत पडली, परंतु पैका मिळाला नाहीं, आणि सुमारें पंधरा वर्षें ते कागद फळीवर पडून राहिले.

पुढें ते पुन्हां खालीं निघाले व २०१४ सालीं एका लहान प्रतिकृतीची परीक्षा झाली. त्या संस्थेंत पंचवीस फूट व्यासाची एक प्रचंड पोलादी टांकी आहे. तींतील हवा उपसून काढली कीं आंत मंगळासारखी विरलता निर्माण करतां येते. प्रतिकृति उचलली तर गेली. परंतु ती चालविणाऱ्या मनुष्याच्या हातांत राहीना. लडबडली आणि आपटली. आम्हांस या हकीकतींतील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटला. ते लोक निराशही झाले नाहींत, आणि "उचललें गेलें ना, मग झालें" असें म्हणून समाधानही पावले नाहींत. कां आपटली, हें त्यांनीं शोधलें. आपल्या दाट हवेंत पात्यांची थरथर चटकन शमते. विरळ हवेंत ती शमत नाहीं. म्हणून पातीं अधिक ताठ केलीं. मनुष्याचा हात त्या चंचल यंत्रास पुरा पडत नाहीं, म्हणून तोल राखण्याचें काम संगणकाकडे दिलें. २०१६ सालच्या मे महिन्यांत त्याच टांकींत यंत्र स्थिरपणें उडालें.

मग प्रत्यक्ष पाठवावयाचें यंत्र तयार झालें. त्याचें नांव इन्जेन्युइटी, म्हणजे आपल्या भाषेंत कल्पकता. वजन अवघें १.८ किलोग्रॅम. मधली पेटी हातांत मावेल एवढी. तिच्यावर एकाखालीं एक असे दोन पंखे, प्रत्येक १.२ मीटर लांबीचा, परस्परांच्या उलट फिरणारे. दोन्ही एकाच दिशेनें फिरले तर पेटीच भोंवऱ्यासारखी गरगरेल, म्हणून ही योजना. मिनिटास सुमारें चोवीसशें ते पंचवीसशें फेरे! आपल्याकडील हेलिकॉप्टराचीं पातीं चारशें-पांचशें फेरे घेतात. सर्वांत वर सूर्यप्रकाशापासून वीज करणारी पट्टी, आणि पोटांत विजेरी.

आतां त्याची परीक्षा कशी करावी? टांकींत हवा विरळ करतां येते, परंतु पृथ्वीचें ओढणें कसें कमी करावें? त्यांनीं टांकीच्या माथ्याशीं मोटर बसवून तींतून एक बारीक दोरी सोडली व ती यंत्राच्या डोक्यास बांधली. यंत्र वर जावो वा खालीं येवो, दोरीनें त्याचा सुमारें सहा दशांश भार सतत सारख्या ओढीनें उचलून धरावा. दोरी कोणती म्हणाल, तर मासे धरण्याच्या गळाला लावतात तसली! मंगळावरील वारा हवा, म्हणून संगणकांत असतात तसले शेंकडों लहान पंखे भिंतीसारखे रचून त्यांचा वारा घातला. मंगळावर रात्रीं शून्याखालीं ९० अंशांपर्यंत थंडी पडते. तींत विजेरी गारठून मरूं नये म्हणून दिवसा सांठविलेल्या विजेचा बराच भाग रात्रीं ऊब देण्यांत खर्च करावयाचा, हा हिशेब बसविला. २०१९ सालच्या जानेवारींत खरें यंत्र टांकींत उडालें. तें जमिनीपासून अवघें पांच सेंटिमीटर वर तरंगलें. अलिबागेस लोखंड काढून टाकून पृथ्वीचा खरा आवाज ऐकण्याची व्यवस्था केली. पासाडेनास हवा काढून टाकून व भार उचलून धरून पृथ्वीवरच मंगळ निर्माण केला. दोहोंची जात एकच, असें आम्हांस वाटलें.

राहिली गोष्ट दिशेची. मंगळावर होकायंत्र निरुपयोगी. पृथ्वीवरून वाट दाखवावी, तर निरोप पोंचावयास पहिल्या उड्डाणाच्या वेळीं पंधरा-सोळा मिनिटें लागत होतीं. तेवढ्यांत यंत्र दहा वेळां आपटेल. म्हणून त्यास स्वतःचे डोळे दिले. पोटाखालीं एक लहान कॅमेरा, तो सेकंदास तीस छायाचित्रें काढतो. एका चित्रांतील दगड, खडे, सांवल्या पुढच्या चित्रांत किती सरकल्या, यावरून आपण कोणीकडे व किती वेगानें चाललों हें संगणक ताडतो. उंची मोजण्यास लेझर किरण, हालचाल व वळण मोजण्यास निराळीं सूक्ष्म यंत्रें, आणि उडण्यापूर्वीं आपण सपाट उभे आहों कीं कललेले हें सांगण्यास एक कलमापक. सारांश, सुईच्या जागीं खुणा आल्या.

पर्सिव्हिअरन्स नांवाच्या सहा चाकी गाडीच्या पोटाशीं आडवें बांधून हें यंत्र १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं मंगळावरील जेझेरो नांवाच्या विवरांत उतरलें. एप्रिलच्या आरंभीं गाडीनें त्यास जमिनीवर सोडलें. ९ एप्रिल रोजीं पंखे न उडतां पूर्ण वेगानें फिरवून पाहावयाचे होते. परंतु मध्येंच संगणकाच्या पहाऱ्यानें काम थांबविलें. सर्व जगाचे डोळे लागलेले, तरी त्या मंडळींनीं घाई केली नाहीं. आज्ञांचा क्रम सुधारला, परीक्षा पुन्हां घेतली, आणि १९ एप्रिल रोजीं तें यंत्र तीन मीटर उंच जाऊन ३९ सेकंद हवेंत राहिलें व सुखरूप उतरलें. राइट बंधूंनीं १९०३ सालीं उडविलेल्या विमानाच्या कापडाचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा त्याच्या अंगाशीं जोडलेला होता. पांच उड्डाणें झालीं तर पुष्कळ, अशी अपेक्षा होती. झालीं ७२.

आमचें वाचन चाललें असतां शेजारच्या खोलींतील एक वयोवृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. ते म्हणाले, "यांत नवें काय आहे? विमानशास्त्र आपल्या भरद्वाजांनीं केव्हांच लिहून ठेवलें आहे." असें बोलणारे आप्त बहुधा प्रत्येक घरांत असतात, म्हणून आम्हीं दिलेलें उत्तर येथें नमूद करतों. वैमानिकशास्त्र म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध आहे त्याची छाननी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं केली. त्यांतील यंत्रें उडूं शकत नाहींत आणि तो ग्रंथ १९०४ सालापूर्वींचा नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. १९०४! ज्या सालीं मूस साहेब अलिबागेस दगड पारखून घेत होते तेंच हें साल. संस्कृताचा अभिमान आम्हांसही आहे. लोहचुंबकास अयस्कान्त असें सुंदर नांव संस्कृतांत आहे. कालिदासानें कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत अयस्कान्त लोखंडास ओढतो तसें पार्वतीच्या सौंदर्यानें शंकराचें मन ओढून घ्यावें, असें ब्रह्मदेवाकडून देवांना सांगविलें आहे. जें आपलें आहे तें इतकें निर्मळ असतां, जें नाहीं तें आपलें म्हणण्याची गरज काय? गृहस्थ रागावले नाहींत. थोडा वेळ विचार करून त्यांनीं नातवाजवळ होकायंत्र पाहावयास मागितलें.

पौर्णिमेची भरती दुपारींच ओसरूं लागली होती. पांचच्या सुमारास किल्ल्याची वाट उघडी पडली, तेव्हां ओल्या वाळूंतून चालत आम्ही कुलाबा किल्ल्यांत जाऊन सिद्धिविनायकाचें दर्शन घेतलें आणि दिवस मावळतांना परत आलों. किनाऱ्यावर एक म्हातारा तांडेल जाळें सांधीत बसला होता. नातू त्याच्याजवळ उकिडवा बसला. आम्हीं विचारलें, "तांडेल, हल्लीं तुमच्या होड्यांवर उपग्रहाचीं यंत्रें आलीं. पूर्वीं वाट कशी धरीत होतां?"

तो म्हणाला, "खुणेनें, गुरुजी. कनकेश्वराचा डोंगर कुठल्या माडावर आला, खांदेरीचा दिवा कुठल्या अंगाला दिसला, असं बघायचं. दोन खुणा एका रेघेत आल्या कीं जागा ठरली."

"आणि होकायंत्र?"

"होतं कीं. पण त्याला इंजिनापासून लांब ठेवायचं."

नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं वाळूकडे पाहिलें.

"आणि किनारा दिसेनासा झाला म्हणजे?" नातवानें विचारलें.

"मग जपून. पाण्याला खूण नसते, बाळा. सगळीकडे तेंच पाणी. तिथं माणूस चुकतो."

हें शेवटचें वाक्य ऐकून आम्ही चमकलों. कारण त्या हेलिकॉप्टराचा अंत नेमका असाच झाला होता. जवळजवळ तीन वर्षें तें उडत होतें. मध्यंतरीं २०२२ सालीं त्याचा कलमापक बिघडला. तो बिघडला तर काय करावें, याचा उपाय त्या मंडळींनीं मंगळावर उतरण्यापूर्वींच तयार करून ठेवला होता. तो पाठविला आणि उड्डाणें पुन्हां सुरू झालीं. परंतु पुढें वाट अशा भागांत आली कीं जेथें दगड नाहींत, खडे नाहींत, केवळ वाऱ्यानें उठविलेल्या वाळूच्या लाटा. १८ जानेवारी २०२४ रोजीं ७२ व्या उड्डाणांत तें बारा मीटर वर गेलें. खालीं पाहणाऱ्या कॅमेऱ्यास धरावयास पुरेशा खुणाच मिळाल्या नाहींत. आपण आडवे किती वेगानें सरकत आहों याचा अंदाज चुकला, तें वाळूच्या उतारावर जोरानें आदळलें आणि पातीं मोडलीं. अलिबागच्या तांडेलास जी गोष्ट ठाऊक होती तीच मंगळावर पुन्हां प्रत्ययास आली. तीही त्या मंडळींनीं झांकून ठेवली नाहीं. अपघाताची चौकशी करून कारण जगापुढें मांडलें, कीं पुढें जाणाऱ्या यंत्रास त्याचा उपयोग व्हावा.

आम्हीं तांडेलास त्या जुन्या गांवाचें नांव सांगितलें व आमच्या विद्यार्थ्याची चौकशी केली. त्यास तो ठाऊक नव्हता. त्या गांवचे बरेच लोक आतां मुंबईकडे गेले, असें तो म्हणाला. दिवस मावळला होता. मंडळी व सूनबाई घोडागाडीजवळ वाट पाहत होत्या, म्हणून आम्ही निघालों.

रात्रीं आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. चाळीस वर्षांपूर्वींच्या त्या तासाला आमच्यापाशीं विद्या थोडी होती, हा आमचा अपराध नव्हे. विद्या सर्वांपाशींच थोडी असते. मूस साहेबांनीं स्वतःच्या नव्या वेधशाळेवर दोन वर्षें विश्वास टाकला नाहीं. पासाडेनाच्या लोकांनीं आपल्या प्रत्येक यंत्रास, तूं कोठें चुकशील, असें आधींच विचारून ठेवलें. आणि तरीही जेथें चुकलें तेथें तें कबूल केलें. आमच्या नियमास तोच प्रश्न एका बारा वर्षांच्या मुलानें विचारला, तोही आपल्या बापाच्या अनुभवाच्या आधारानें. आणि आम्हीं त्यास उभें केलें. त्या दिवशीं वर्गांत शास्त्रज्ञ एकच होता, आणि तो मागल्या बांकावर होता.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दुसऱ्या दिवशीं परतीच्या गाडींत दिलें, आणि त्याच्या वहींत त्यानें तें लिहून घेतलें. पृथ्वीवर, जवळ लोखंड वा वीज नसतांना, सुई साधारणतः उत्तरेकडे राहते. मंगळावर तिला मार्गदर्शक असें कांहीं नाहीं. ती जवळच्या एखाद्या खडकाकडे वळेल, किंवा ज्या यंत्रांत ठेवाल त्याच्याच लोखंडाकडे. लिहून झाल्यावर त्यानें विचारलें, "साधारणतः म्हणजे काय?" आम्हीं त्यास बसावयास सांगितलें नाहीं, उभेंही केलें नाहीं. पेण येईपर्यंत आम्ही त्या एका शब्दाचाच विचार करीत होतों.

आमचा तो विद्यार्थी आज पन्नाशीच्या घरांत असेल. हें मासिक त्याच्या घरीं जात असेल कीं नाहीं, ठाऊक नाहीं; परंतु वाचकांपैकीं कोणाच्या ओळखींत असा एखादा गृहस्थ असेल, कीं ज्याला लहानपणीं होकायंत्राच्या धड्याला तासभर उभें राहावें लागलें होतें, तर त्यास आमचा एवढा निरोप अवश्य कळवावा. इंजिनाजवळ सुई फिरते. तुझे वडील खरें सांगत होते, आणि तूंही. गुरुजी चुकले होते.